रिपोर्टवर 'निल' आलं त्यानंतर : टेसा आणि इक्सी उपचारांचा नवऱ्याने लिहिलेला अनुभव

मूल होण्यासाठी घेतलेल्या उपचारांबद्दल जे वाचायला मिळतं, ते बहुतेक बायकांनी लिहिलेलं असतं. सोसायचं त्यांनाच जास्त असतं, त्यामुळे ते साहजिक आहे. आमच्या बाबतीत मात्र अडचण माझ्याकडे होती. तेव्हा पुरुषाने स्वतःच्या नावावर घेऊन मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. आम्ही नागपूरचे, हिंगणा रोडला राहतो. मी चौतिशीचा, बायको माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. उपचार रामदासपेठेत घेतले. आज ती सातव्या महिन्यात आहे.

माझं मत आधीच सांगतो. इक्सी (लॅबमध्ये शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचून गर्भ तयार करणं) हा उपचार खरा आहे, काम करणारा आहे. लॅब चांगली असेल आणि डॉक्टर नीट बोलणारे असतील, तर त्यातला त्रासही सोसवतो. पण त्या उपचारापर्यंत पोचण्याआधी आमचा जो वेळ गेला, तो जायलाच नको होता. काही शे रुपयांच्या एका तपासणीने तो वाचला असता. मूल होत नाही म्हणून दवाखान्याची पायरी चढलात, तर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याची वीर्य तपासणी करून घ्या. बायकोला एकही गोळी सुरू होण्याआधी.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर तपासून घ्यावं, आणि बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच, असं डॉक्टर सांगतात. आम्ही गेलो तेव्हा वर्ष कधीच उलटलं होतं. पहिल्या ठिकाणी तिची सोनोग्राफी झाली, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी) सगळं झालं आणि सगळं चांगलं आलं. तरी पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस बीज वाढवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या, मग एक दिवसाआड फॉलिकल स्टडी (बीजाची पिशवी किती वाढली ते सोनोग्राफीत बघणं), फॉलिकल १८ मिलिमीटरच्या पुढे गेलं की ते फुटण्याचं इंजेक्शन, आणि मग 'या दोन दिवशी संबंध ठेवा' असा निरोप. महिन्यामागून महिने हेच. पुढे नळ्यांचा एक्स-रे काढला. औषध आत सोडून नळ्या उघड्या आहेत का ते बघतात, त्यात ती कळवळली. नळ्याही मोकळ्या निघाल्या. मी प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर बसलेला असायचो. इतक्या महिन्यांत तिथल्या एकानेही मला नमुना द्यायला सांगितलं नाही. याचा राग आजही आहे. त्या जागेचं नाव लिहीत नाही, कारण नंतर ज्या ज्या जोडप्यांशी बोललो त्यांपैकी बऱ्याच जणांनी, वेगवेगळ्या ठिकाणचं, हेच सांगितलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल उघडली, पानं चाळली आणि पहिलाच प्रश्न मला विचारला, "तुमचा रिपोर्ट कुठे आहे?"

तपासणीबद्दल नीट लिहितो, कारण इथेच लोक अडखळतात. आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना लॅबच्या खोलीतच देता आला तर सगळ्यात बरं. घरून न्यायचाच असेल तर तासाभराच्या आत पोचला पाहिजे, आणि तोही शर्टाच्या आत अंगाच्या उबेत धरून. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून नेलेल्या नमुन्याचा रिपोर्ट काय येणार? डबी लॅबचीच वापरा, तेल-साबण काही लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि हालचाल ४२ टक्के अशी दिली आहे. आकडा त्याखाली आला म्हणजे मूल होणारच नाही असं नाही. वर आला म्हणजे होणारच, असंही नाही.

माझ्या रिपोर्टवर प्रमाण ठीक, रंग ठीक, वीर्यातली फ्रुक्टोज साखरही ठीक, आणि शुक्राणूंच्या ओळीत 'निल', म्हणजे एकही नाही. एका रिपोर्टवर कोणी असा निष्कर्ष काढत नाही. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करायला लावलं, नमुना सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तळाचा साका मायक्रोस्कोपखाली बघितला. तिथेही निल. याला अ‍ॅझूस्पर्मिया म्हणतात. पुरुषांनी हे लक्षात घ्या: बहुतेक वेळा वीर्य दिसायला अगदी नेहमीसारखं असतं, संबंधात काही कमी-जास्त नसतं, दाढीमिशी, ताकद, आवाज सगळं जागच्या जागी असतं. तपासल्याशिवाय हे कळायला कोणताही मार्ग नाही.

मग युरोलॉजिस्टकडे. त्यांनी हाताने तपासलं, एफएसएच (शुक्राणू आणि बीजं तयार करायला लावणारं संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन करायला लावलं. दोन्ही ठीक. मग विचारलं, लहानपणी कसलं ऑपरेशन झालंय का? पाच वर्षांचा असताना दोन्ही बाजूंच्या हर्नियाचं झालं होतं. तिथेच त्यांना उत्तर मिळालं. ते म्हणाले, "टाकी भरलेली आहे, पाइपलाइन बंद आहे." शुक्राणू तयार होत होते, बाहेर येण्याची वाट त्या ऑपरेशनच्या जागी बंद झाली होती. अशा अडथळ्यात एफएसएच सहसा ठीक असतं. ते खूप वाढलेलं असेल आणि अंडकोष लहान असतील, तर शुक्राणू तयार होण्यातच अडचण आहे असा संशय येतो. तेव्हा गुणसूत्रांची आणि वाय क्रोमोझोमची तपासणी सांगतात. नलिका जन्मापासूनच नसेल तर सिस्टिक फायब्रोसिसच्या जनुकाची तपासणी दोघांचीही करतात. आपल्याकडे क्षयरोगानेही ही वाट बंद होते, आणि बायकांच्या नळ्यासुद्धा.

डॉक्टरांनी विचारलेला आणखी एक प्रश्न मी मुद्दाम पुढे पोचवतो आहे: जिममध्ये इंजेक्शन घेता का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन गेलं की शरीर स्वतःचं काम थांबवतं आणि काउंट शून्यावर येऊ शकतो. बंद केल्यावर बऱ्याच जणांचा परत येतो, पण त्याला महिने लागतात. 'ताकद वाढते' म्हणून कोणी टोचत असेल आणि घरात पाळण्याची वाट बघणं चालू असेल, तर त्याला हे आजच सांगा.

रिपोर्ट आल्यावर घरी सांगायचं कसं, हा प्रश्न होता. तोवर सगळी बोलणी बायकोच ऐकत होती. लग्नाकार्यात मोठी मामी भर पंगतीत विचारायची, "काहून गं पोरी, अजून काही नाही का?" आणि ती हसून पानात बघायची. आई मूळची काटोलकडची, बोलायला सरळ. नातवाचं नाव काढायची आणि मग दोघींत दोन-दोन दिवस अबोला. मी त्या रात्री आईसमोर रिपोर्ट ठेवला आणि सांगितलं, हिच्यात काहीच कमी नाही, कमी माझ्याकडे आहे, आणि तीही लहानपणच्या ऑपरेशनमुळे. आईला वाचता येतं, तिने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "मंग इतके दिवस आपण तिलेच काहून बोलून राहिलो होतो?" उठून आत गेली आणि बायकोजवळ बसली. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. त्या रात्रीपासून आमच्या घरात टोमणा संपला, आणि मामीला काय सांगितलं ते आईलाच ठाऊक. तिनेही पुन्हा विचारलं नाही. घरी पुरुषाने स्वतः सांगावं, बायकोवर सोडू नये.

पुढचे रस्ते तीन होते. बंद नलिका मायक्रोसर्जरीने जोडणं. ते काही जणांना चांगलं लागू पडतं, पण माझा अडथळा जांघेत, लहानपणच्या कापाकापीच्या जागी होता, आणि तिथे यशाची खात्री कमी, असं युरोलॉजिस्टांनी स्पष्ट सांगितलं. दुसरा, नोंदणीकृत बँकेतून दात्याचे शुक्राणू घेऊन आययूआय, म्हणजे ते नळीने गर्भाशयात सोडणं. खर्च कमी, आणि जन्मणारं मूल कायद्याने जोडप्याचंच. आम्ही यावर खूप बोललो. ज्यांनी तो रस्ता घेतला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आम्हाला आधी तिसरा करून बघायचा होता: अंडकोषातून सुईने शुक्राणू काढायचे, म्हणजे टेसा, आणि त्यातला एकेक शुक्राणू एकेका बीजात टोचायचा, म्हणजे इक्सी. इक्सी १९९२ मध्ये बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी यशस्वी केली. टेस्ट ट्यूब बेबी त्याआधीच होती, इंग्लंडमध्ये १९७८ पासून. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनीही ती साधली आणि हयातीत त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईच्या केईएममध्ये १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून बाळ झालं. पण अशा साध्या टेस्ट ट्यूब पद्धतीत, म्हणजे आयव्हीएफमध्ये, शुक्राणूला स्वतः पोहून बीजात शिरावं लागतं. माझ्यासारख्यांना स्वतःचं मूल होण्याचा रस्ता खऱ्या अर्थाने इक्सीनेच उघडला. माझ्या वडिलांच्या पिढीत हे शक्य नव्हतं.

सेंटर निवडताना आम्ही काय बघितलं ते लिहितो. २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या, कायद्याखाली नोंदणी हवीच. लेव्हल एकच्या ठिकाणी फक्त आययूआय करता येतं, आयव्हीएफ-इक्सीला लेव्हल दोन लागतं, आणि प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. कायद्याने बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ मध्ये असावं लागतं. यशाचा टक्का सांगितला की विचारा, हा टक्का कशाचा? रक्ताची बीटा एचसीजी (गरोदरपणाची तपासणी) पॉझिटिव्ह येण्याचा, ठोके दिसण्याचा, की बाळ हातात येण्याचा? आणि कोणत्या वयाच्या बायकांचा? आम्ही गेलेल्या एका ठिकाणी या प्रश्नावर समुपदेशक बाईंनी विषय बदलून हप्त्यांची योजना काढली. आम्ही उठलो. ज्या डॉक्टरांकडे राहिलो त्यांनी सांगितलं, "बायकोचं वय तुमच्या बाजूने आहे, पण पहिल्याच वेळी होईल असं मी म्हणणार नाही." तेवढ्या वाक्यावर आमचा निर्णय झाला.

खर्चाचं कागदावर लिहून घ्या. पॅकेजमध्ये बहुधा बीज काढणं, लॅब आणि एक ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात ठेवणं) असतं. इंजेक्शनं, भूल, टेसा, गोठवणं आणि नंतरची ट्रान्सफर वेगळी निघतात. आमचा पहिला टप्पा दोन लाखांच्या वर गेला. मेडिक्लेमने हात वर केले, बहुतेक पॉलिसीत हे वगळलेलंच असतं. मी पीएफमधून काढले, तिने सोनं मोडायचं ठरवलं होतं ते मी होऊ दिलं नाही.

विदर्भातल्या जोडप्यांनी एक तपासणी यात नक्की घ्यावी: सिकल सेल, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची. आपल्याकडे वाहकांचं प्रमाण बरंच आहे आणि वाहकाला काहीही त्रास नसतो, त्यामुळे माहीतच नसतं. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. बायको एएस निघाली, म्हणजे वाहक. मी एए निघालो, म्हणजे वाहक नाही, त्यामुळे बाळ फार तर वाहक असेल. दोघेही एएस असतो तर भ्रूणाची जनुकीय तपासणी करायची की नाही, हे आधी ठरवावं लागलं असतं.

बायकोची बीजं वाढवण्याची इंजेक्शनं नेमकी नवतपाच्या (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांच्या) तोंडावर आली. एफएसएचचं पेन आणि पुढे सुरू होणारं दुसरं इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये अजिबात नाही. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर आणि घरात कूलर. औषध दुकानातून बर्फाच्या पाकिटासकट थर्माकोलच्या डब्यात आणलं. फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात तापमान हलतं, म्हणून मधल्या कप्प्यात मागे, पण भिंतीला न चिकटवता ठेवलं. आईने त्या कप्प्यातलं दह्याचं पातेलं काढून जागा रिकामी केली आणि फ्रीज उगाच उघडायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. वीज गेली की मी घड्याळ बघत बसायचो.

टोचायचं काम मी घेतलं. नर्सने एकदा दाखवलं होतं. रोज रात्री एकाच वेळी. पेन वीस मिनिटं आधी बाहेर काढायचं, नाहीतर थंड औषध आत जाताना जळजळतं. डायल फिरवून युनिट लावायचे, बेंबीच्या बाजूला दोन बोटं सोडून चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ आत, बटण दाबून दहापर्यंत मोजायचं, मग काढायची. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. पहिल्या रात्री माझा हात थरथरत होता, तिने माझं मनगट धरून सुई स्वतःच आत ढकलली. आठवड्याने पोटावर निळे ठिपके झाले होते. ज्या बाईचे सगळे रिपोर्ट चांगले होते, तिच्या पोटावर हे माझ्यासाठी होतं. हे प्रत्येक नवऱ्याने स्वतःच्या हाताने करावं असं मला मनापासून वाटतं. कॉटवर बसून विचारपूस करणं आणि सुई हातात धरणं, यात फार अंतर आहे.

शेवटचं ट्रिगर इंजेक्शन ठरल्या मिनिटाला द्यायचं असतं, कारण त्यापासून सुमारे ३५-३६ तासांनी बीजं काढतात. उशीर झाला तर ती आधीच सुटून जातात. दोन मोबाइलवर गजर लावा.

त्या सकाळी आम्ही दोघेही उपाशी पोटी टेबलावर. तिला पूर्ण भूल दिली. मला फक्त जागा बधिर करण्याचं इंजेक्शन, तेवढंच काय ते झोंबलं. नंतर ओढल्यासारखं जाणवत राहिलं. डॉक्टर सुईने काढलेला अंश बशीत देत, शेजारच्या खोलीत एम्ब्रियोलॉजिस्ट मॅडम मायक्रोस्कोपखाली बघत. दोन बशा गेल्या, काही आवाज नाही. तिसरीनंतर खिडकीतून शब्द आला, "आहेत सर, हलतायत." माझ्या कानांत पाणी गेलं तेव्हा कळलं की मी उताणा पडून रडतो आहे. उरलेले शुक्राणू गोठवून ठेवले, म्हणजे पुन्हा सुई नको. नंतर दोन दिवस सूज राहिली, बर्फाने शेक, घट्ट चड्डी, गाडी चालवायची नाही. एवढंच. पुरुषांनी याला घाबरण्यासारखं खरंच काही नाही.

यापुढे मन घट्ट ठेवा, कारण प्रत्येक टप्प्यावर आकडा घटतो. जितकी फॉलिकल्स दिसतात तितकी बीजं निघत नाहीत, निघालेली सगळी पक्व नसतात, टोचलेली सगळी फलित होत नाहीत, आणि फलित झालेली सगळी पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्टपर्यंत, पोचत नाहीत. हे आम्हाला आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. बीज म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यात काचेच्या सुईने एक शुक्राणू सोडणं हे मॅडमनी मला स्क्रीनवर दाखवलं, आणि त्या हातांबद्दलचा आदर शब्दांत मांडता येणार नाही.

तिचं पोट फुगलं होतं, बीजं बरीच होती, म्हणून ओएचएसएसचा (इंजेक्शनांनी अंडाशय सुजून पोटात पाणी साठण्याचा) धोका नको म्हणून डॉक्टरांनी लगेच ट्रान्सफर केलं नाही. सगळे भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवले. बीजं काढल्यावर पोट झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर रात्री-अपरात्री फोन करायचा. वाट बघायची नाही.

पुढच्या पाळीनंतर गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर वाढवलं, ते आठ मिलिमीटरच्या वर आल्यावर प्रोजेस्टेरॉन (गर्भ रुजायला मदत करणारं संप्रेरक) आणि मग ट्रान्सफर. भूल लागत नाही, दहा मिनिटांचं काम. आम्ही नंतर झाशी राणी चौकातून मेट्रोने घरी आलो. शेजारच्या काकू म्हणाल्या महिनाभर पलंगावरून उतरू देऊ नका, पण डॉक्टरांनी तिला रोजची हलकी कामं करायला सांगितली. पडून राहिल्याने गर्भ जास्त चांगला रुजतो असं काही नाही. प्रोजेस्टेरॉनची तेलकट इंजेक्शनं मात्र फार दुखतात, कमरेखाली गाठी येतात.

पहिलं ट्रान्सफर लागलं नाही. बीटाचा आकडा संध्याकाळी मोबाइलवर आला. तिने जेवण केलं नाही, आईने तिच्या डोक्याला तेल लावलं आणि कोणी काही बोललं नाही. त्या काळात आम्हाला कोणी कारण सांगू शकलं नाही. बऱ्याचदा ते भ्रूणातच असतं आणि बाहेरून दिसत नाही. दोन पाळ्या थांबून गोठवलेल्यातला पुढचा ठेवला. बीटा पॉझिटिव्ह आला, दोन दिवसांनी दुपटीच्या वर गेला, आणि काही आठवड्यांनी सोनोग्राफीत ठोके दिसले. पुढे तिला पाचव्या महिन्यात थोडी शुगर निघाली, ती आहारावर आटोक्यात आहे. बाकी सगळं ठीक.

उरलेले भ्रूण अजून तिथेच आहेत. साठवणीचे पैसे दरवर्षी भरावे लागतात आणि कायद्याने दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतात. त्याच्या अर्जात एक रकाना असतो: दोघांपैकी एक गेला किंवा दोघे वेगळे झाले तर यांचं काय करायचं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, बहुतेक लोक तो तसाच सोडतात, नंतर भरला तरी चालतं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून तासभर बोललो, दोघांनी मिळून तो भरला, आणि मगच खाली सह्या केल्या.